कडेमच्या काठाने

पुण्याचे आमचे साडू उटनुरास आले की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "तुमच्या त्या उटनुरात पाहण्यासारखे काय आहे हो?" या वाक्यातील 'त्या' शब्दावरचा भार, ज्यांची घरे तीन-तीन पिढ्या इंदुरास, बडोद्यास, हैदराबादेस किंवा तंजावरास आहेत, त्यांना उलगडून सांगावयास नको. आम्ही त्यांना चहा देतो आणि मनात म्हणतो, पाहुणे, आपण मे महिन्यात आलात हीच चूक झाली. मे महिन्यात येथे पाने गळालेले सागवान, तापलेली लाल माती आणि कोरडे ओढे याखेरीज काही नसते. आषाढ सरता सरता आला असतात, तर उत्तर आम्हांस द्यावे लागले नसते. ते आपल्या कानांवर आपणहून आले असते.

(आम्ही म्हणजे आम्ही एकटेच. तीस वर्षे मास्तरकी केल्यावर माणूस 'मी' म्हणणे विसरतो, असा आमच्या सौभाग्यवतींचा शेरा आहे.)

उटनूरहून पश्चिमेस इच्चोड्याच्या वाटेने गेले की कडेम नदीचा प्रदेश लागतो. बोथ-बजारहत्नूरकडील डोंगरांत ही नदी उगम पावते, जंगलातून आग्नेयेस वाहत जाते आणि गोदावरीस मिळते. नदी लांबीने मोठी नव्हे. परंतु उतरण्याची तिला फार हौस. पोचेरा येथे ती सुमारे वीस मीटर खाली येते. कुंटाला येथे सुमारे १४७ फूट. कुंटाला हा तेलंगणातील सर्वांत उंच धबधबा म्हणून गणला जातो. लोक त्याचे नाव शकुंतलेशी जोडतात, आणि महाशिवरात्रीस तेथील सोमेश्वराच्या दर्शनाला आसपासची गावे लोटतात. तारनम खुर्द गावाजवळच्या धबधब्यास अलीकडे 'गायत्री' हे नाव रूढ झाले आहे. गावकरी मात्र त्यास अद्याप 'गाडिद गुंडम' म्हणतात. तेलुगूत गाडिद म्हणजे गाढव. गाढवापासून गायत्रीपर्यंतचा हा प्रवास कोणी घडविला हे शोधण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. पण 'गुंडम' हा शब्द आपल्या 'कुंडा'चाच भाऊबंद आहे, आणि इकडील माणूस धबधब्यास नाव देताना वरून पडणाऱ्या धारेकडे न पाहता खालच्या कुंडाकडे पाहतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आम्हांस ते ध्यानात येण्यास फार वर्षे लागली.

धबधब्याची आमची पहिली ओळख येथली नव्हे. १९७९ साली आम्ही आठ-नऊ वर्षांचे असताना अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आम्हांस सहस्रकुंड दाखविले. आदिलाबादेहून मुदखेडकडे जाणारी त्या वेळची मीटरगेजची गाडी, सहस्रकुंड नावाचेच लहानसे स्टेशन, आणि पुढे पायी वाट. पैनगंगा तेथे काळ्या खडकांत फाटून अनेक धारांनी खाली येते. एका तीरावर विदर्भ आणि दुसऱ्या तीरावर मराठवाडा. किनवट हे अण्णांचे आजोळ. हैदराबाद संस्थानच्या काळात किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, किनवट नांदेड जिल्ह्यास जोडले गेले आणि अण्णांचे आजोळ एका रात्रीत परराज्यात गेले. आजी मात्र आपल्या ओसरीवरच बसून होती, असे ते हसत सांगत.

त्या दिवशी वाटेत पाण्याचा आवाज प्रथम कानी येताच अण्णा थांबले आणि एका मोहाच्या झाडाखाली खाली बसले. आम्ही हट्ट धरला, रडलोही. ते म्हणाले, "आधी कानाने पाहू, मग डोळ्यांनी." अर्धा तास तरी त्यांनी आम्हांस तेथे बसवून ठेवले असेल. तो आवाज सुरुवातीला वाऱ्यासारखा वाटला, नंतर आगगाडीसारखा, आणि शेवटी त्या आवाजाची चक्क भीती वाटू लागली. तेव्हा अण्णा उठले आणि आमचे मनगट घट्ट धरून चालू लागले. हा म्हाताऱ्या माणसाचा विक्षिप्तपणा, असे आम्ही पुढे कित्येक वर्षे समजत होतो. (अण्णा त्या वेळी चाळिशीतही नव्हते.)

आता मुख्य गोष्ट सांगावयास हवी. ती आम्ही आजवर कोठे लिहिली नाही. जेथे लिहावयास हवी होती तेथे तर नाहीच.

१९९८ सालचा श्रावण. आम्ही सत्तावीस वर्षांचे, नोकरीत नवे, आणि उत्साह अंगात मावत नव्हता असे. आठवी-नववीची ३३ मुले एका भाड्याच्या टेम्पोत घालून, एका सहकाऱ्यास सोबत घेऊन, आम्ही कुंटाल्यास गेलो. टेम्पो जेथवर जाऊ शकत होता तेथवर त्याने नेले. पुढे घाईने उतरलो, कारण दुपारनंतर पोचेराही पाहावयाचे ठरविले होते. ऊन पडले होते. त्या ठिकाणी दोन दिवस पाऊस नव्हता. मुलांनी भाकरी खाल्ल्या. एका आप्ताकडून मागून आणलेला रीळवाला कॅमेरा आमच्या गळ्यात होता, आणि त्यातील तीन-चार फोटो शिल्लक होते. मुलांना आम्ही धबधब्यासमोर खडकांवर ओळीने उभे केले. धबधबा पूर्ण मावेना. डोळा काचेस लावून आम्ही म्हणालो, "जरा मागे सरा."

वरून एक गुराखी हातवारे करून काही ओरडत होता. पोरे त्यास हात हलवून दाखवू लागली. आम्हांसही ते प्रेमाचे वाटले.

नववीतील एक मुलगा मागे सरला तो शेवाळावर. आवाज झाला नाही; किंवा झाला असेल तर त्या गर्जनेत तो ऐकू येणे शक्य नव्हते. काचेतून पाहताना ओळीत एक जागा रिकामी दिसली, एवढेच आम्हांस स्मरते. त्यानंतर आम्ही काय केले हे आम्ही सांगू शकत नाही, कारण आम्ही काहीच केले नाही. आम्ही उभे होतो. जो धावला तो गुराखी. आणि तो आमच्यासारखा कुंडाकडे नव्हे, तर खाली, जेथे पाणी दगडांत पसरून मंदावते तेथे धावला. खांद्यावरचे गुरांचे दावे त्याने सोडले, एक टोक अर्जुनाच्या मुळाशी गुंडाळले आणि दुसरे पाण्यात फेकले. मुलाने ते धरले. त्याचा खांदा निखळला होता, कपाळ फुटले होते. पण तो जिवंत बाहेर आला.

गुराख्याने आमच्याकडे पाहिले. त्याच्या बोलण्यात तेलुगू, गोंडी आणि मराठी यांची मिसळ होती, ते एवढेच : "पाण्याचा रंग सकाळपासून फिरला आहे, गुरुजी. तुम्ही कोणत्या वाटेने आलात?"

आम्ही वाटेने आलोच नव्हतो. आम्ही टेम्पोने आलो होतो.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या नोंदवहीत आमच्या हस्ताक्षरात एक वाक्य लिहिले गेले : 'सहल आनंदात पार पडली. एका विद्यार्थ्यास किरकोळ दुखापत.' मुलाचे वडील आठवड्याने शाळेत आले. मोलमजुरी करणारा गृहस्थ. त्यांनी मक्याच्या कणसांची टोपली आमच्यापुढे ठेवली आणि पोराला वाचविल्याबद्दल आमच्या पायांस हात लावला. पोराने घरी काय सांगितले होते देव जाणे. आम्ही ती टोपली घेतली. घरी नेली. कणसे भाजून खाल्ली.

त्यानंतर सत्तावीस वर्षे आम्ही एकाही मुलास धबधब्यावर नेले नाही. सहली झाल्या, बासरची सरस्वती पाहिली, निर्मळची लाकडी खेळणी कशी रंगवितात ते पाहिले, केसलापूरची नागोबाची जत्रा पाहिली. सहकारी विचारीत तेव्हा आम्ही नियमांचा आधार घेत असू. मध्यंतरी राज्य बदलले, २०१४ साली तेलंगण झाले. २०१६ साली जिल्ह्याचे चार तुकडे झाले. आमच्या बदल्या झाल्या आणि आम्ही मुख्याध्यापक झालो. कुंटाला, पोचेरा येथे अपघात होतच राहिले. वर्तमानपत्रात तशी बातमी आली की ते पान आमच्या सौभाग्यवती न बोलता बाजूस ठेवीत.

यंदा जुलैत शाळेतील एका तरुण शिक्षकाने अर्ज आणून दिला. आठवीच्या मुलांना बजारहत्नूरजवळील कनकाई धबधब्यावर न्यावयाचे आहे, परवानगी मिळावी. सोबत पालकांची संमतीपत्रे. आमच्या शाळेत तेलुगू आणि मराठी अशी दोन्ही माध्यमे आहेत. मराठीचे वर्ग वर्षावर्षाला विरळ होत चालले आहेत. त्यामुळे मराठी सह्यांची संमतीपत्रे बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांतील एक सही आम्ही ओळखली. तो नववीतला मुलगा आता एक्केचाळीस वर्षांचा, कापूस पिकविणारा शेतकरी आहे. त्याची मुलगी आमच्याच शाळेत आठवीत शिकते. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. दोन वर्षे आम्ही त्या मुलीशी जरुरीपुरतेच बोलत होतो.

आम्ही त्यास निरोप धाडला. तो आला. आम्ही दार लोटून घेतले आणि सांगितले, "त्या दिवशी मागे सरा असे आम्ही म्हटले होते."

तो म्हणाला, "मले ऐकू आलं होतं, गुरुजी."

"मग वडिलांना का सांगितले नाहीस?"

"सांगितलं असतं तर बाबानं शाळा सोडवली असती."

पुष्कळ वेळ आम्ही दोघेही बोललो नाही. मग तो उठता उठता म्हणाला, "तुम्ही सोता जात असाल, तर न्या तिले."

अर्जावर आम्ही त्या दिवशी सही केली नाही. आधी जाऊन पाहावयाचे ठरविले. गिरनूरच्या बाजूच्या एका गोंड गावाचे वृद्ध पटला आमच्या ओळखीचे आहेत (गोंडांच्या गावप्रमुखास इकडे पटला म्हणतात). ते देवनागरी उत्तम वाचतात. त्याची कथा आपल्या वाचकांना आवडावी. १९४० साली जोडेघाट येथे कोमरम भीम यांचा उठाव शस्त्रबळाने मोडण्यात आला. त्यानंतर निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञास गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यास पाचारण केले. त्यांनी उटनूरजवळच्या डोंगरातील मारलवाई गावी मुक्काम केला आणि १९४३ साली तेथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र उघडले. तेथील गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत होती. पटलांच्या वडिलांना अक्षरओळख झाली ती त्या परंपरेतील एका शिक्षकाकडून. आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हेही संस्थानच्या सेवेत असताना याच जिल्ह्यात गोंड-कोलामांत वावरले आणि त्यांनी गोंडी व कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली. गोंडांच्या वंशकथा गोंडीत गाणाऱ्या प्रधान लोकांच्या घरची बोली मराठी. आंध आदिवासींचीही मराठीच. तेव्हा या डोंगरांत मराठी आम्ही पांढरपेशांनी आणली, असा भ्रम कोणी बाळगू नये.

असो. पटलांबरोबर आम्ही गिरनूरहून शेतांच्या बांधावरून निघालो. ओढा प्रथम भेटला तेथेच ते थांबले. मोहाचे एक पान पाण्यात सोडून ते किती वेगाने जाते हे पाहिले. पाण्यात हात घालून तळ दिसतो का ते पाहिले. मग सांगू लागले. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वर डोंगरात पाऊस झालेला असू शकतो. तो पाऊस आपल्याला दिसत नाही, पण पाणी त्याची वर्दी घेऊन येते. आधी रंग मातकट होतो. मग काटक्या, सुका पाला आणि फेस वाहत येतो. मग आवाज जड होतो. या तिन्ही वर्द्या वाटेने चालत येणाऱ्यास मिळतात. थेट धारेपाशी उतरणाऱ्यास मिळत नाहीत, कारण तेथे फेस आणि आवाज नेहमीचाच.

कडेमचा हा स्वभाव मोठ्या प्रमाणावरही दिसून आला आहे. या नदीवरचे धरण १९५८ च्या पुरात फुटले होते. आणि जुलै २०२२ मध्ये आवक एवढी वाढली की पाणी दरवाज्यांच्या माथ्यावरून वाहिले आणि खालच्या गावांतील लोकांना रातोरात हलवावे लागले.

कुंडाविषयी पटला जे म्हणाले ते आम्ही पुढे विज्ञानाच्या शिक्षकांकडून पडताळून घेतले. धारेखालचे पाणी दिसते तसे पुढे वाहून जात नाही. खाली आपटून ते उलटे फिरते आणि माणसाला पुन्हा धारेखाली ओढते. शिवाय फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे ते माणसाला नेहमीच्या पाण्याइतके तोलून धरीत नाही. पट्टीचा पोहणाराही तेथे बुडतो. खडकात जे गोल रांजणखळगे असतात (निघोजचे आपण सर्वांनी ऐकलेले आहेत) ते पाण्याबरोबर गरगरणाऱ्या दगडांनी कोरलेले असतात, आणि पाणी वर आले की ते दिसेनासे होतात. सत्तावीस वर्षांपूर्वी गुराखी कुंडाकडे न धावता खाली का धावला, हे आम्हांस त्या दिवशी त्या बांधावर उभे असताना उमगले.

"तुमची मेसराम मंडळी एवढ्या लांब पायी का जातात?" आम्ही मध्येच विचारले. पौष अमावास्येच्या नागोबाच्या पूजेसाठी मेसराम कुळाचे लोक जन्नारमकडील हस्तिनमडुगूपर्यंत चालत जाऊन गोदावरीचे पाणी झारीत आणतात. आज मोटारी आहेत, टाक्या आहेत. पटला जरा हसले. "पाणी मोटारीतही येईल, गुरुजी. माणूस येणार नाही."

सप्टेंबरात, पाऊस चार दिवस उघडल्यावर, आम्ही २६ मुले घेऊन गेलो. गिरनूरपर्यंत बस, पुढे पायी. कपाशीला पाते लागले होते, ज्वारी गुडघ्याच्या वर आली होती, बांधांवर तेरड्याची गर्दी. दर चार मुलांमागे एक मोठे माणूस, आणि पटलांच्या खांद्यावर आम्ही मुद्दाम मागितलेले दावे. पाण्याचा आवाज प्रथम कानी येताच आम्ही सर्वांना खाली बसविले. पोरे कुरकुरली. तरुण शिक्षकांनी घड्याळ पाहिले. वीस मिनिटे आम्ही कोणास उठू दिले नाही. हळूहळू कुरकुर थांबली. एका मुलाने विचारले, "सार, हा आवाज थांबत का नाही?" त्यावर कोणी हसले नाही, तेव्हा आम्ही उठलो.

कनकाईच्या ओढ्यावर एकामागून एक तीन धबधबे आहेत. पहिला देवीचा. तिसऱ्याचे नाव चिकटी गुंडम, म्हणजे अंधारी कुंड. झाडी एवढी दाट की भर दुपारी तेथे संध्याकाळ असते. तेथे बसून आम्ही मुलांना १९९८ ची हकीकत सांगितली. नाव सांगितले नाही. मागे सरा कोणी म्हटले ते मात्र सांगितले. ती मुलगी पहिल्या रांगेत होती. तिला वडिलांच्या खांद्याची गोष्ट ठाऊक असावी, असे तिच्या चेहऱ्यावरून आम्हांस वाटले. पण ती काही बोलली नाही, आणि आम्हीही विचारले नाही. जुन्या नोंदवहीत आता दुरुस्ती करता येत नाही. म्हणून हे येथे लिहिले.

निघताना तरुण शिक्षकांनी खिशातून मोबाइल काढला. पटलांनी दाव्याने आखून दिलेल्या हद्दीच्या अलीकडे मुले ओळीने उभी राहिली. धबधबा काही चित्रात मावेना. शिक्षकांनी डावा हात उंचावून मुलांना खूण करण्यास सुरुवात केली, तोच आम्ही त्यांच्या खांद्यास धरले आणि म्हणालो, "सर, मागे तुम्ही सरा."

ते सरले. झाडीतून बाहेर येऊन, उघड्या वाटेने पार वरच्या बांधापर्यंत गेले. चित्रात मुले मुंग्यांएवढी आली आहेत आणि धबधबा करंगळीएवढा. शाळेच्या फलकावर ते लावले आहे. कोण कोठे उभे आहे हे ओळखण्यासाठी मधल्या सुट्टीत पोरांची झुंबड उडते.